सुटं हाड

मंगळवारी रात्री विजयनगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
लिफ्ट बंदच असते,
म्हणून आमचा संघ धापा टाकतच जमतो :
मी, औषध कंपनीतला फैजान,
सुरभी चौरडिया, जी फक्त लिंबू-सोडा पिते
आणि जिला सगळ्या राजधान्या पाठ,
शिवाय मुंगरेकाका, टेलिफोन खात्यातून निवृत्त,
एका बिअरवर दोन तास काढणारे,
जुन्या एसटीडी कोडांचे शेवटचे वारस.
संघाचं नाव कधी ठरलंच नाही.
वेटरनं पहिल्या दिवशी 'टेबल सात' लिहिलं, तेच चाललंय.

टेबल दोनवर शाल्मली असते.
आता परत पुराणिक झालेली.

कागदोपत्री फ्रिज तिच्याकडे गेला, मिक्सर माझ्याकडे.
सुदामानगरच्या घराची अनामत अर्धी अर्धी.
अजून काही सामाईक? वकिलानं विचारलं.
नाही, आम्ही दोघंही म्हणालो,
एकाच वेळी, बरेच महिन्यांनी एकमतानं.

तिसरी फेरी. माइकवाला ओरडतो, "भिया, फोन अंदर!"
आणि विचारतो : आपल्याकडे ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर किती?
सुरभी माझ्याकडे बघते.
मी लिहितो, सोळाशे शहात्तर मिलिमीटर,
आणि मान वर करतो तर
टेबल दोनवरचं पेन माझ्याआधी खाली ठेवलेलं.

पातालपाणीला जाताना, छोट्या लायनीवरून,
मीच सांगितलं होतं. खूप वेळ. बोटांनी मापं दाखवत.
ती खिडकीबाहेर बघत शेंगा सोलत होती.
पुढे प्रत्येक भांडणात मी हेच म्हणायचो,
तू ऐकतच नाहीस.
ऐकलं होतं.
मिलिमीटरपर्यंत.

पाचवी फेरी, शरीर.
माणसाच्या अंगातलं कुठलं हाड
दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं?
गुडघ्याची वाटी, फैजान म्हणतो.
असं हाड असतं होय? मुंगरेकाका म्हणतात,
सरकारी नोकरीतलं दिसतंय.
मी गप्प.

ती अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते.
एकदा पोळ्या अर्ध्यावर टाकून,
कणकेच्याच हातानं
तिनं माझ्या हनुवटीखाली दोन बोटं टेकवली. गीळ, म्हणाली.
गिळलं.
हे बघ, हललं ते. कशालाच जोडलेलं नाही,
नुसतं स्नायूंनी तोलून धरलंय.
तव्यावरची पोळी करपली तेव्हा.
सकाळी दाढी करताना गळ्यावर वाळकी कणीक निघाली.

हायॉइड, मी लिहितो.
तुला कसं माहीत? सुरभी विचारते.
वाचलं होतं कुठेतरी.

जिंकतात ती टेबल पाचवरची आयटीतली पोरं, दरवेळेसारखी.
वीस टक्के सवलतीचं कुपन डोक्यावर नाचवतात.
टेबल दोन तिसरं. आम्ही अर्ध्या गुणानं पाचवे,
कारण मुंगरेकाकांनी हट्टानं
एका नदीचं बरोबर नाव खोडायला लावलं.

खाली पार्किंगमध्ये ती हेल्मेटचा पट्टा लावत असते.
हाड आलं? विचारते.
आलं. गेज?
आलं.
मग लावलेला पट्टा ती काढते, परत लावते.
मिक्सरचं एक भांडं आहे माझ्याकडे. चटणीचं.
राहू दे, मी म्हणतो.
का म्हणालो कुणास ठाऊक.
वर्षभर घरात चटणी वाटलेली नाही.

तिची स्कूटर पलासियाकडे वळते.
मुंगरेकाका जिना उतरत अजून त्या नदीवर बोलताहेत,
उगम सांगताहेत, उपनद्या सांगताहेत,
सगळं चुकीचं.
मी हो हो म्हणतो, आवंढा गिळतो.
गळ्यात काहीतरी वर जातं,
थोडं थांबतं,
खाली येतं.